हृदयशस्त्रक्रियेआधी रुग्णाशी कसे बोलावे: परिचारिकांसाठी मार्गदर्शन

हृदयशस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाजवळ सर्जन दिवसातून काही मिनिटे असतात, भूलतज्ज्ञ बहुधा एकदाच येऊन जातात. उरलेला सगळा वेळ त्याच्या आसपास परिचारिका किंवा परिचारक असतात. त्यामुळे सर्जनना विचारायचे राहून गेलेले, नातेवाइकांसमोर काढता न आलेले आणि रात्री वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर मनात उभे राहणारे प्रश्न आपल्याकडेच येतात. त्या प्रश्नांना कसे सामोरे जावे, कोणती माहिती कधी द्यावी, कोणती आपण देऊ नये आणि धीर देताना खोटे बोलणे कसे टाळावे, याविषयी येथे लिहिले आहे. या सगळ्या सांगण्याचा आधार एकच आहे: रुग्णाला नेमकी कशाची भीती वाटते ते कळल्याशिवाय दिलेला धीर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

भीतीचा भार हृदयावरही पडतो

भीतीमुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या स्नायूला नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू लागतो. निरोगी हृदय ही वाढीव गरज सहज भागवते. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्याच्या छातीत अशा वेळी कळ येऊ शकते. म्हणून या रुग्णांशी होणारे संभाषण औषधाच्या वेळेइतक्याच गांभीर्याने पाळावे, कामे आटोपल्यावर वेळ उरला तर करायची गोष्ट म्हणून त्याकडे पाहू नये.

याच कारणासाठी एक इशारा सुरुवातीलाच द्यायला हवा. बोलता बोलता रुग्णाने छातीवर हात दाबून धरला, त्याला घाम फुटला, जबडा किंवा हात दुखू लागला किंवा श्वास लागला, तर तो घाबरला असेल असे गृहीत धरू नये. संभाषण थांबवावे, नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूची पातळी पाहावी, वॉर्डाच्या पद्धतीनुसार ईसीजी काढावा आणि डॉक्टरांना बोलवावे. हृदयाचे कारण नाही याची खात्री झाल्यावरच भीतीचा विचार करावा.

पहिली भेट

रुग्णाकडे जाण्याआधी त्याची फाइल वाचावी. बायपास आहे, झडप दुरुस्त करायची आहे की बदलायची, की महाधमनीची शस्त्रक्रिया आहे. ही पहिलीच शस्त्रक्रिया आहे की छाती दुसऱ्यांदा उघडावी लागणार आहे. त्याला ऐकू कमी येते का, चष्मा लागतो का, कोणती भाषा सोयीची आहे, सोबत कोण आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. फाइलमध्ये लिहिलेली माहिती पुन्हा रुग्णालाच विचारली, तर आपल्याबद्दल इथे कोणाला काही माहीत नाही असे त्याला वाटते, आणि तिथूनच त्याचा विश्वास ढळू लागतो.

जवळ गेल्यावर खुर्ची ओढून बसावे. उभ्याने, हातात ट्रे घेऊन विचारलेल्या प्रश्नाला कोणीही मन मोकळे करून उत्तर देत नाही. झडपेच्या आजाराच्या किंवा हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला आडवे पडून बोलताना धाप लागते. त्याला आधी उशांच्या आधाराने बसते करावे आणि वाक्याच्या मधे त्याला दम घेऊ द्यावा. आपले नाव, आपले काम आणि आपण किती वाजेपर्यंत ड्यूटीवर आहोत ते सांगावे. त्याला काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते विचारावे. काही वयस्कर रुग्णांना ‘काका’ किंवा ‘मावशी’ म्हटल्याने आपलेपणा वाटतो, तर काहींना आडनावाने आणि ‘अहो’ने बोलावणे योग्य वाटते. बेडचा क्रमांक हे माणसाचे नाव होऊ नये, त्याच्यासमोरही आणि त्याच्या पाठीमागेही.

मग माहिती देण्याआधी विचारावे. दोन प्रश्नांनी बहुतेक वेळा वाट मोकळी होते. पहिला प्रश्न असा: “डॉक्टरांनी ऑपरेशनबद्दल तुम्हाला काय सांगितले आहे, ते तुमच्या शब्दांत मला सांगाल का?” यातून त्याला किती समजले आहे, काय चुकीचे समजले आहे आणि तो कोणते शब्द वापरतो हे कळते, पुढे आपणही तेच शब्द वापरावेत. दुसरा प्रश्न: “या सगळ्यात तुमच्या मनात सर्वांत जास्त काय घोळते आहे?” हा प्रश्न विचारल्यावर गप्प राहावे. शांततेने आपल्यालाच अवघडल्यासारखे होते आणि ती आपण घाईघाईने भरून काढतो, पण रुग्ण नेमका त्याच वेळी शब्द जुळवत असतो.

उत्तरे अनेकदा आपल्या अंदाजाबाहेरची निघतात. एखाद्याला मरणाची भीती असते, तर एखाद्याला मरणापेक्षा परावलंबी होऊन जगण्याची. कोणाच्या भावाचे अशाच शस्त्रक्रियेनंतर निधन झालेले असते, कोणाला अनोळखी माणसांसमोर विवस्त्र होण्याचा संकोच असतो, कोणाला छातीवरच्या व्रणाची चिंता असते, तर कोणाला कर्जाच्या हप्त्यांची. समजा, एखाद्या गृहस्थाला घरी एकट्या राहिलेल्या, डोळ्यांनी अधू असलेल्या पत्नीची काळजी आहे, आणि आपण त्याला शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम सांभाळणारे हार्ट-लंग मशीन अर्धा तास समजावून सांगितले, तर सांगितलेले सगळे बरोबर असूनही त्याची रात्र बेचैनीतच जाईल. त्याच्यासाठी धीर म्हणजे समाजसेवा विभागाला केलेला एक फोन आणि पत्नीकडे कोण राहणार आहे याची पक्की बातमी.

चिंता मोजण्यासाठी प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. १९९६ साली प्रसिद्ध झालेली अ‍ॅम्स्टरडॅमची प्रश्नावली तिच्या आटोपशीरपणामुळे वॉर्डात वापरण्याजोगी आहे. तिच्यात सहाच विधाने असून रुग्णाने प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे असतात. चार विधाने भूल आणि शस्त्रक्रिया यांच्या भीतीविषयी आणि दोन माहितीच्या इच्छेविषयी आहेत. ही विभागणीच मला महत्त्वाची वाटते, कारण खूप घाबरलेल्या प्रत्येक रुग्णाला खूप माहिती हवी असते असे नाही. काहींना प्रत्येक टाका समजून घेतल्यावर शांत वाटते. काहींना तेवढ्याच तपशिलाने झोप लागत नाही. म्हणून “मी तुम्हाला सगळे टप्प्याटप्प्याने सांगू, की फक्त तुम्हाला काय करायचे आहे तेवढे सांगू?” असे सरळ विचारावे आणि त्याच्या उत्तराचा मान राखावा. आज नको म्हणणारा उद्या विचारू शकतो, एवढे दार उघडे ठेवावे.

संशोधनाचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. २००२ साली ब्रिटनमध्ये बायपासच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, दाखल होण्याआधी पूर्ण एक दिवस शिक्षण देऊनही चिंता आणि वेदना कमी झालेल्या दिसल्या नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत मात्र माहितीपत्रक आणि त्याच्या जोडीला समोरासमोर समजावणी मिळालेल्या हृदयरुग्णांची चिंता कमी झाली. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी असल्याने या फरकाचे एकच कारण सांगता येणार नाही. तरीही माहितीचा नुसता साठा वाढवल्याने भीती कमी होते हा समज आपण सोडून द्यावा, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

कोणती वाक्ये टाळावीत

“काळजी करू नका”, “काही होणार नाही”, “आमच्याकडे रोज अशी ऑपरेशने होतात” ही वाक्ये आपण चांगल्या हेतूनेच बोलतो. पहिल्या वाक्यातून रुग्णाला कळते की भीती इथे बोलून दाखवायची नाही. दुसरे वाक्य आपल्याला पाळता न येणारे वचन आहे, आणि हे त्यालाही ठाऊक असते. तिसऱ्यातून, जे त्याच्या आयुष्यात एकदाच घडणार आहे ते आपल्याला नित्याचे वाटते, एवढेच त्याच्या लक्षात राहते. याऐवजी भीती आधी मान्य करावी: “इतक्या मोठ्या ऑपरेशनच्या आधी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तुम्हाला नक्की कशाचे जास्त वाटते ते सांगा, मग त्यासाठी काय करता येईल ते आपण पाहू.”

उलट टोकाचा धोकाही आहे. सुई टोचण्याआधी “आता खूप दुखेल” असे बजावल्याने वेदना आणि धास्ती कमी होण्याऐवजी वाढू शकते, असे तपासण्यांच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या भाषेच्या अभ्यासात आढळले आहे. म्हणून काय होणार आहे ते खरे सांगावे, पण लगेच त्यावर काय केले जाईल आणि त्याने स्वतः काय करावे हेही जोडावे: “मनगटाजवळ एक छोटी नळी घालणार आहे. थोडे टोचल्यासारखे होईल. त्या वेळी श्वास सावकाश सोडा, मी इथेच आहे.”

परिचर्याशास्त्रात हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशा चार पातळ्या मांडल्या. पातळी जसजशी चढते, तसतसे माणसाचे लक्ष आकुंचित होत जाते. सौम्य चिंतेत तो शिकू शकतो, तीव्र चिंतेत त्याला एका वेळी एखादीच गोष्ट ऐकू जाते आणि अतितीव्र अवस्थेत समजावणी निरुपयोगी ठरते. हात थरथरत असतील, नजर भिरभिरत असेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर शिकवणे थांबवून छोटी वाक्ये, शांत आवाज आणि सोबत एवढेच द्यावे. अशा रुग्णाला झोपेचे किंवा चिंता कमी करणारे औषध द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील; त्याची अवस्था त्यांना वेळेवर कळवणे हे आपले काम आहे.

“हृदय बंद पडल्यावर मी कुठे असेन?”

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आणि त्याचे उत्तर आपल्याला साध्या भाषेत देता आले पाहिजे. बहुतेक हृदयशस्त्रक्रियांमध्ये पोटॅशियम असलेले विशेष द्रावण देऊन हृदय काही काळ थांबवले जाते, म्हणजे सर्जनना स्थिर हृदयावर बारकाईने काम करता येते. त्या काळात शरीरातले रक्त नळ्यांतून हार्ट-लंग मशीनकडे जाते, तिथे त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते पुन्हा शरीरात सोडले जाते. म्हणजे मेंदूला आणि इतर अवयवांना रक्त मिळत राहते. हे यंत्र चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, ज्याला परफ्यूजनिस्ट म्हणतात, संपूर्ण वेळ त्याच्याजवळ असतो. मुख्य काम झाले की हृदयाकडे पुन्हा रक्त सोडले जाते आणि पुष्कळदा ते आपणहून धडधडू लागते. कधी त्याला विजेचा सौम्य झटका द्यावा लागतो किंवा काही काळ तात्पुरत्या पेसमेकरची मदत लागते. अशा यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केली, म्हणजे या पद्धतीमागे सत्तर वर्षांहून अधिक अनुभव आहे, हे ऐकूनही काही रुग्णांना बरे वाटते.

मात्र आधी त्या रुग्णाची योजना पाहून घ्यावी. काही बायपास शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावरच केल्या जातात. अशा रुग्णाला आपण हृदय थांबवणार असल्याचे सांगितले आणि सर्जननी दुसरेच सांगितले, तर दोघांवरचाही विश्वास उडतो.

“मी वाचेन ना?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो, आणि समोरच्याचा चेहरा पाहून तो आवरणे फार कठीण असते. तरीही तो आवरावा. जोखमीचा अंदाज वय, मूत्रपिंडांची अवस्था, हृदयाची ताकद, शस्त्रक्रियेचा प्रकार अशा अनेक गोष्टींवरून सर्जन बांधतात, त्यासाठी युरोस्कोअरसारखी गणिते वापरली जातात, आणि तो आकडा त्यांच्याच तोंडून यावा. आपण असे म्हणू शकतो: “हा प्रश्न मनात येणारच. डॉक्टरांनी तुमच्या बाबतीतल्या धोक्याबद्दल काही सांगितले आहे का? नसेल किंवा नीट कळले नसेल, तर आज संध्याकाळी ते राउंडला आले की मी त्यांना तुमच्याजवळ थांबायला सांगते. आणि आत गेल्यापासून तुमच्याजवळ सतत कोण असेल, ते मी आत्ताच सांगू शकते.” मग भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ त्याच्या डोक्याशी असतील, नाडी, रक्तदाब आणि भूल यांवर अखंड लक्ष असेल, हे सांगावे. ही माहिती खरी आहे आणि धीर देणारीही आहे. सर्जनना थांबवण्याचे कबूल केले असेल, तर ते विसरू नये. त्या एका शब्दावर आपण पुढे जे सांगणार आहोत त्याची किंमत ठरते.

जाग येईल तेव्हा

या भागावर मी सर्वाधिक वेळ खर्च करण्याचा आग्रह धरीन. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण भुलीत असतो, पण आयसीयूमध्ये तो शुद्धीवर येतो, आणि तिथले पहिले काही तास आधी सांगितलेले नसतील तर फार भयंकर वाटू शकतात. घशात व्हेंटिलेटरची नळी असते, त्यामुळे आवाज फुटत नाही. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला आपली वाचा गेली असे वाटते. नळी झोपेत ओढली जाऊ नये म्हणून काही ठिकाणी हात सैलसर बांधलेले असतात. कारण माहीत नसेल तर ती शिक्षा वाटते. मानेत आणि मनगटात नळ्या, छातीतून रक्त आणि द्रव बाहेर नेणारे ड्रेन, लघवीची नळी, तात्पुरत्या पेसमेकरच्या बारीक तारा, तोंडाला कोरड आणि सतत वाजणारे मॉनिटर यांच्यामध्ये तो जागा होतो.

हे सगळे एका दमात ऐकवू नये. शक्य असल्यास छायाचित्र किंवा चित्र दाखवून, प्रत्येक वस्तू कशासाठी आहे आणि ती साधारण केव्हा निघते ते सांगावे. श्वासाची नळी पुष्कळ रुग्णांची काही तासांतच निघते, पण काहींना ती अधिक वेळ लागते. म्हणून “सकाळी सहाला निघेल” असे घड्याळाचे वचन देऊ नये, “तुम्ही नीट जागे झालात आणि स्वतःचा श्वास पुरेसा घेऊ लागलात की काढतील” अशी खूण द्यावी. मॉनिटरचा प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो, तारेचे टोक सैल झाले तरी तो वाजतो, हेही आवर्जून सांगावे.

त्यानंतर बोलता न येण्याच्या काळासाठी खुणा ठरवाव्यात आणि त्याच वेळी त्यांचा सराव करून घ्यावा. हात एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. दुखत असेल तर तळहात उघडायचा. पाणी हवे असेल तर ओठांकडे बोट न्यायचे. ज्याला लिहिता-वाचता येते त्याच्यासाठी अक्षरांचा फळा, ज्याला येत नाही त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता दाखवावा. ज्याला कमी ऐकू येते किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही, त्याचे श्रवणयंत्र आणि चष्मा ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत त्याच्याजवळ राहू द्यावा आणि आयसीयूत तो लगेच परत मिळेल अशी लेखी सोय करावी. त्याच्याविना जागा झालेला वृद्ध रुग्ण अधिक लवकर गोंधळतो.

गोंधळाचा विषयही टाळू नये. हृदयशस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना, विशेषतः वयस्करांना, काही दिवस दिवस-रात्रीचे भान राहत नाही किंवा नसलेल्या गोष्टी दिसतात. बहुतेकांच्या बाबतीत हे तात्पुरते असते. रुग्णाला आणि घरच्यांना हे आधी माहीत असले, तर वेड लागल्याची भीती वाटत नाही. तसेच पहिल्या काही दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होणे हा बऱ्याच रुग्णांना येणारा आणि औषधांनी सहसा आटोक्यात येणारा अनुभव आहे. छातीत फडफडल्यासारखे झाले तर सांगायचे, एवढे त्याला कळले की पुरे.

काही रुग्णालयांत रुग्णाला आधी आयसीयू दाखवतात. ज्याला पाहायचे आहे त्याला अवश्य दाखवावे, पण नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.

रुग्णाच्या हाती काहीतरी द्यावे

भीतीचा मोठा वाटा असहायतेतून येतो, आणि म्हणून ज्या गोष्टी रुग्ण स्वतः करू शकतो त्या शिकवणे हा धीर देण्याचा अतिशय भक्कम मार्ग आहे. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञांनी केलेला आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पोटाच्या शस्त्रक्रियांचा होता, हृदयाचा नव्हे, तरी तो आपल्या कामाचा आहे. ९७ रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर कुठे आणि का दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसे वळायचे हे समजावले गेले. त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषधे सुमारे निम्मीच लागली, आणि कोणाला शिकवले आहे हे माहीत नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडले.

हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाला छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवावे, कारण छातीचे हाड तारांनी जोडलेले असते आणि आधाराशिवाय खोकताना दुखते. न खोकल्यास मात्र फुप्फुसांत कफ साचतो. श्वासाच्या व्यायामाचे यंत्र आधीच हातात द्यावे. अंथरुणावरून उठताना दोन्ही हातांवर जोर न देता कुशीवर वळून पाय खाली सोडून कसे उठायचे ते करून दाखवावे, आणि हाड जुळायला सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात म्हणून तोवर जड उचलायचे नाही, हे कारणासह सांगावे. बायपाससाठी पायाची शीर काढणार असतील, तर पायावरही जखम असेल हे आधीच सांगावे. छातीचे ऑपरेशन झाले आणि पाय का बांधला आहे, हा प्रश्न जाग आल्यावर पडू नये. वेदनेबद्दल “दुखणार नाही” म्हणू नये. ० ते १० मध्ये किती दुखते ते कसे सांगायचे, आणि सहन होईनासे होईपर्यंत न थांबता लवकर सांगितल्यास औषध चांगले लागू पडते, हे समजावावे.

शेवटी त्याच्याकडून ऐकावे, पण परीक्षा घेतल्यासारखे नव्हे. “मी नीट सांगितले का ते मला पाहायचे आहे. उद्या जाग आल्यावर बोलता येत नसेल, तर दुखते हे तुम्ही कसे सांगाल?” उत्तर अडले तर आपले सांगणे तोकडे पडले असे समजून दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगावे.

आपल्या अधिकाराची मर्यादा

शस्त्रक्रियेचे स्वरूप, पर्याय आणि धोके सांगून संमती घेणे ही सर्जनची जबाबदारी आहे. परिचारिका सही होताना साक्षीदार असू शकते, सांगितलेले सोपे करून सांगू शकते. पण “काय लिहिले आहे कोण जाणे, सही करा म्हणाले म्हणून केली” असे रुग्ण म्हणाला, तर तिथेच थांबून सर्जनना बोलवावे. सही केल्यानंतरही नकार देण्याचा त्याचा हक्क कायम असतो. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी कधी बंद करायची, कृत्रिम झडप कोणती बसवायची, या प्रश्नांवरही आपला अंदाज सांगू नये.

नातेवाईक कधी कधी दाराबाहेर गाठून “त्यांना काही सांगू नका, घाबरतील” अशी विनंती करतात. त्यामागची माया समजून घ्यावी, पण शुद्धीवर असलेल्या माणसाच्या छातीची शस्त्रक्रिया त्याच्यापासून लपवता येत नाही. “ते जेवढे विचारतील तेवढेच आम्ही सांगू, पण विचारलेल्याला खोटे उत्तर देणार नाही” असे नम्रपणे, ठामपणे सांगावे आणि ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालावी. रुग्णाची भाषा वेगळी असेल तर प्रशिक्षित दुभाषा मागवावा. घरातल्या मुलावर हे काम सोपवू नये.

आदली रात्र आणि सकाळ

आदल्या रात्री तयारीपलीकडची नवीन माहिती देऊ नये. उपवास कधीपासून, जंतुनाशकाने आंघोळ, केस क्लिपरने काढणे, दागिने, नखांचा रंग आणि कवळी काढून ठेवणे या गोष्टी कारणासह थोडक्यात सांगाव्यात. नखांच्या रंगामुळे प्राणवायू मोजण्यात अडथळा येऊ शकतो, एवढे कळले की कोणी कुरकुर करत नाही. केस काढताना आणि आंघोळीच्या वेळी पडदा ओढावा, शरीर झाकलेले ठेवावे. झोप येत नसेल तर काही वेळ जवळ बसावे. या वेळी रुग्ण पुष्कळदा शस्त्रक्रियेबद्दल बोलतच नाही, मुलांबद्दल किंवा कामाबद्दल बोलतो. ते ऐकून घ्यावे, विषय बदलू नये. प्रार्थना करायची असेल, कोणाशी फोनवर बोलायचे असेल, तर त्याला एकांत मिळवून द्यावा.

सकाळी ओळखीचा चेहरा सोबत असावा. थिएटरमध्ये नाव, शस्त्रक्रिया आणि अ‍ॅलर्जी अनेकदा विचारली जाईल आणि ती सुरक्षिततेसाठी ठरवलेली तपासणी आहे, हे आधी सांगितले नसेल तर “यांना माझे नावही माहीत नाही” अशी शंका येते. खोली थंड असेल, दिवे प्रखर असतील, हेही सांगावे.

तातडीच्या शस्त्रक्रियेत यातल्या बहुतेक गोष्टींना वेळ नसतो. तेव्हा तीनच गोष्टी सांगाव्यात: मी कोण आहे, आता काय होणार आहे आणि तुमची माणसे कुठे आहेत. स्ट्रेचर ढकलतानाही हे सांगता येते.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणे हा रुग्णाच्या धीराची कसोटी पाहणारा प्रसंग असतो. एखादा अत्यवस्थ रुग्ण आल्याने किंवा आयसीयूत जागा नसल्याने असे होते. निर्णय झाल्याबरोबर, शक्यतो सर्जनसह, खरे कारण सांगावे. उपवास लगेच सोडायला द्यावा, बंद केलेल्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि नवी तारीख पक्की झाल्याशिवाय सांगू नये. त्याचा राग आपल्यावर निघाला तर तो ऐकून घ्यावा. दोनदा मनाची तयारी करणे सोपे नसते.

पुढच्या हाती सोपवताना

रुग्णाने आपल्याला सांगितलेली भीती आपल्याच डोक्यात राहिली, तर ड्यूटी बदलताच ती हरवते. म्हणून नोंदीत रक्तदाबासोबत हेही लिहावे: डाव्या कानाने ऐकू येत नाही, गुदमरण्याची भीती आहे, हात बांधण्याचे कारण समजावले आहे, हो-नाहीच्या खुणा अमुक ठरल्या आहेत, जाग आल्यावर मुलीचे नाव घेतलेले आवडेल. जी गोष्ट रुग्णाने गुपित म्हणून सांगितली आहे ती त्याच्या परवानगीशिवाय लिहू नये, मात्र त्याच्या जिवाला धोका असेल असे काही सांगितले असेल, तर ते संबंधितांना कळवावे लागेल हे त्यालाही सांगावे. आयसीयूच्या परिचारिकेला शक्य असल्यास आदल्या दिवशी रुग्णाला भेटायला बोलवावे.

बाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी बोलण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे. त्यांच्यातला एक माणूस आणि त्याचा फोन क्रमांक नोंदवून घ्यावा. शस्त्रक्रिया अनेकदा तीन ते सहा तास चालते, पण आत नेल्यापासून प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत भूल आणि तयारीत बराच वेळ जातो आणि नंतर आयसीयूत स्थिर करायलाही वेळ लागतो. हे सांगितले नाही तर ठरलेल्या वेळेपुढचे प्रत्येक मिनिट त्यांना वाईट बातमीसारखे वाटते. पहिल्या भेटीत रुग्णाचा चेहरा सुजलेला, फिकट दिसेल, अंग गार लागेल आणि तो बोलणार नाही, हे दाराबाहेरच सांगावे. मग आत नेऊन कुठे उभे राहायचे, कोणता हात धरायचा ते दाखवावे आणि रुग्णाशी ठरवलेल्या खुणा त्यांनाही शिकवाव्यात.